मेन्सियाचं नाव

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या स्वतःच्या मांडीवर घडलेली आहे. साल १५८९, तोलेदोजवळचं आमचं गाव, ऑगस्टमधली टळटळीत दुपार. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हवं तर हसावं.

मी एल्विरा. शिवणकाम करते.

आमचं घराणं मूळचं ज्यू, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेलं. मी सात वर्षांची असताना पाद्रीबाबांनी मला जवळ घेऊन विचारलं, "आई शुक्रवारी काय करते गं?"

मी कौतुकाने सांगितलं, "दिवे लावते. धुतलेल्या चादरी घालते."

एवढंच बोलले होते मी. शुक्रवारचे दिवे ही ज्यूंची जुनी रीत, हे मला कुठे ठाऊक!

आईला, मेन्सियाला, धर्मद्रोही ठरवून तोलेदोच्या भर चौकात जाळलं. लोक सहकुटुंब बघायला आले होते. राख नदीत टाकली. उरलं ते चर्चच्या भिंतीवर टांगलेलं तिच्या नावाचं पिवळं कापड... पुढच्या पिढ्यांना लाज वाटावी म्हणून.

पुढे १५८९ साली ते कुजलं. कुजलं की नवं करून टांगतात. चर्चचा सेवक गास्पार काम घेऊन माझ्याच दारात आला.

"मावशी, कापड कुजतं, पाप नाही हो कुजत!"

मला रडूच कोसळलं. माझ्या लेकीचं, ब्रियांदाचं, लग्न ठरत होतं आणि मुलाची आई तोंडावर म्हणाली होती, "ते नाव भिंतीवर आहे तोवर तुमची पोर माझ्या घरात नको."

तरी जुन्या कापडावरची अक्षरं बघून नव्यावर नाव शिवलं. नाही म्हणायची सोय कुठे होती? जरा डोळा लागला. उठून बघते तर...

कापड कोरं.

उसवलेला दोरा शेजारी नीट गुंडाळलेला. दोन बोटांवर, आडवातिडवा. तसा फक्त आई गुंडाळायची.

दुसऱ्या दिवशी दार लावून जागी बसले. घरात मी एकटी. कात्री खुंटीला.

टक्... टक्...

माझ्या मांडीवर टाके तुटत होते.

"आई?"

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी गास्पारला समोर बसवून शिवलं. त्याच्यादेखत उसवलं. त्याने छातीवर क्रूस काढला.

"कोरंच द्या, मावशी. उंच टांगतो. इथे वाचता येतंय कुणाला!"

मुलाच्या आईने मात्र एका कारकुनाला नेऊन कापड वाचायला लावलं. नाव नव्हतं. ब्रियांदाचं लग्न झालं.

सगळे जेवून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. थडगं नाही, राख नाही. अख्ख्या जगात आईचं नाव त्या एकाच कापडावर होतं.

मी ते नाव माझ्या बंडीच्या आत शिवलं, काळजापाशी. संध्याकाळपर्यंत उसवलेलं. असं आजवर अकरा वेळा झालं.

ब्रियांदा म्हणते, "आजीने माझ्यासाठी नाव पुसलं गं."

असेल. पण ही बंडी तर कोणीच बघत नाही. की माझ्या हातचं नाव तिला नकोच आहे...?

आज सकाळी पुन्हा शिवलंय. हात लावून बघायचा धीर अजून झालेला नाही.