अर्ध्यावर सोडलेला सांगाडा

प्रयोगशाळेच्या टेबलावर चार सांगाडे होते: तीन पुरे घासलेले, चौथा अर्धा. शेजारी एक कानस, आणि पोलिसांच्या मोहोरबंद पाकिटात पाचवा सांगाडा. चार डॉ. हेमकांत इंगवल्यांचे होते. पाचवा आपला नाही, एवढं सिद्ध करायला ते आले होते. त्या पाचव्यावर जुळवलेल्या पिस्तुलाने एका सराफाचा जीव गेला होता.

सांगाडा म्हणजे बंदुकीचे बाकीचे भाग ज्यात बसतात ती चौकट. कोल्हापुरात ती अर्धवट ओतलेली विकत मिळे आणि उरलेलं काम हौशी मंडळी घरी करत. इंगवले आठवडाभर लोकांचे दात बसवत आणि रविवारी सांगाडे घासत. सरकारची अट एकच होती, ओतकाम स्मरधातूचं हवं.

"हा स्मरधातू आठवणीत ठेवतो तरी काय?" इंगवल्यांनी विचारलं.

"तुमची थरथर," केतकी रणनवरे म्हणाली. ती इथली तपासनीस. "प्रत्येकाचा हात थरथरतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा. डोळ्यांना दिसत नाही. कानस फिरते तशी ती धातूच्या कणांत बसते, ओल्या सिमेंटात मांजराची पावलं उमटावीत तशी. आम्ही त्याला कंपठसा म्हणतो."

"माझा नसेल उमटला. सुई कधी टोचली ते पेशंटला कळत नाही, बाई."

"बिल बघून कळत असेल."

इंगवले मोकळेपणी हसले. मग म्हणाले, "आठाच्या खालीही जातो हात. आमच्या अप्पांचा पाचावर आला होता. कंपवात. चहा घेताना कपबशी वाजायची."

केतकीने तिन्ही पुरे सांगाडे एकेक करून यंत्राखाली ठेवले. नऊ पूर्णांक एक. नऊ पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक दोन. मग तिने पाकीट उघडलं.

पाचवा सांगाडाही नऊ पूर्णांक दोन.

इंगवले यंत्रावर वाकले. "मी नाही केला हो हा."

"तुमचे तिन्ही जुने आहेत, डॉक्टर, आणि थरथर काळानुसार बदलते. हा गेल्या दिवाळीनंतरच्या ओतकामातला. त्याच ओतकामातला तुमच्याकडे फक्त हा अर्धा आहे. अपुऱ्या सांगाड्याची तपासणी सक्तीची नाही, तुम्ही नको म्हणू शकता. पण यावर वेगळा आकडा आला, तर तुम्ही आजच सुटलात."

"आणि हाच आला तर?"

तिने पाचवा सांगाडा परत पाकिटात ठेवला.

इंगवल्यांनी अर्धा सांगाडा उचलला. त्याची एक कड उतरती गेली होती. तीनदा सरळ करायला बसले होते ते, आणि तीनदा ती जास्तच उतरली होती.

"का सोडलात हा?"

"कानस बोथट झाली होती."

केतकीने टेबलावरची कानस उचलून अंगठा फिरवला. "हीच ना? ही तर नवीकोरी आहे."

उद्या दहा वाजता इंगवल्यांना एका शाळकरी पोरीच्या जबड्याची शस्त्रक्रिया करायची होती. आईने मुद्दाम त्यांचंच नाव ऐकून पोरीला सांगलीहून आणलं होतं. त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने सांगाडा यंत्राकडे सरकवला.

"मोजा."

पडद्यावरचे आकडे थोडा वेळ वरखाली झाले आणि थांबले.

चार पूर्णांक आठ.