नळीवरच्या दोन वेळा

पहिल्या भेटीतच मी त्याला हाकलून दिलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक शिकाऊ सर्जन उभा. हातात नळी, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"तुकडा किती वाजता कापला?"

"मघाशीच…"

"मघाशी म्हणजे? घड्याळ नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. पण तुम्हाला बघितलं आणि—"

"वर जा आणि वेळ लिहून आणा!"

सांगून सांगून जीभ झिजली माझी. पोटाच्या गाठीतली कुठली जनुकं जागी आहेत, कुठली झोपलीत, हे आम्ही वाचतो. त्यावरून गाठीची जात कळते, ती पुन्हा उलटेल का याचा अंदाज येतो. पण कापलेला तुकडा चटकन द्रावणात पडला नाही, तर सगळं नासतं. म्हणून नळीवरच्या चिठ्ठीत दोन वेळा लिहायच्या, कापल्याची आणि द्रावणात टाकल्याची. शाळेतलं पोरही लिहील! हा मात्र दर खेपेला कोरी चिठ्ठी आणायचा, चार मजले चढून ऑपरेशनच्या वहीतून वेळ उतरवायचा आणि घामाघूम होऊन परत यायचा.

"आता तरी चहा?" वर हे विचारायचा. देवा रे!

मग एक दिवस बाबांच्या पोटात गाठ निघाली.

ऑपरेशन त्याच्याच टीमकडे. नंतर कडक केमो द्यायची की नाही, ते आमच्या तपासणीवर ठरणार होतं. बाबा आधीच काडी झालेले, ती कडक औषधं त्यांना झेपलीच नसती. आणि नळी आणणार कोण, तर हा विसरभोळा! मी खिडकीशी हात चोळत उभी.

तो धावतच आला. चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: कापला ११:४२, द्रावणात ११:४३.

मी चिठ्ठीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे येतं तुम्हाला!"

"पहिल्या दिवसापासून येतं," तो धापा टाकत म्हणाला. "वेळ लिहिली नाही की तुम्ही परत पाठवता… मग दोनदा यायला मिळतं. आज मात्र गंमत करायचा धीर झाला नाही."

नळी फेकून मारावीशी वाटली. पण तिच्यात माझे बाबा होते.

घरच्यांचा नमुना आपण हाताळायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून बाबांचा नमुना प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी घेतला. बारा दिवस मी सगळ्यांवर खेकसत काढले, त्याच्यावर जरा जास्तच. तो बिचारा रोज बाबांची जखम बघून मला खबर द्यायचा. तेराव्या दिवशी बाईंनी कागद हातात दिला. गाठ उलटण्याची शक्यता कमी. खात्री नव्हे, पण कडक केमो टळली. मी तिथेच स्टुलावर बसून हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी तो नवी नळी घेऊन आला. दोन्ही वेळा चोख.

"आता परत पाठवायला कारण नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"बरं… येतो मग." तो खरंच जिन्याकडे वळला. इतका कसा मठ्ठ असतो माणूस!

"थांब!" मी अर्धी खिडकीबाहेर वाकले. "पाच वाजता. कँटीनमध्ये चहा. आणि ही वेळ विसरलास ना, तर याद राख!"