भुरीआत्याला कळेल असं

"बाई, माणसं उभी आणि पुठ्ठे बसलेत! पुठ्ठ्यांचं तिकीट काढलंय का?"

कंडक्टरचा आवाज चढला तशी सगळी एस.टी. वळून राजकुंवरकडे बघू लागली. एरंडोलला गाडी खचाखच भरली होती, आणि तिच्या शेजारच्या जागेवर दोन मोठ्या पुठ्ठ्यांत बांधलेली तिची चित्रं ऐटीत बसली होती.

"काढते की," ती म्हणाली. "अख्खं काढू की अर्धं?"

कुणीतरी खळखळून हसलं. उंच, सावळा, खांद्याला झोळी अडकवलेला एक माणूस दांडी धरून पुढे आला. "बसू द्या हो त्यांना. मला उभं राहायची सवय आहे."

आणि तो खरंच पारोळ्यापर्यंत उभा राहिला. पारोळ्याला गर्दी उतरली तेव्हा तो बसला. मध्ये पुठ्ठे, अलीकडे ती, पलीकडे तो.

"आभारी आहे, भाऊ."

"भाऊ नका म्हणू."

"का? आमच्या जळगावात सगळ्यांनाच भाऊ म्हणतात."

"म्हणूनच…" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, आणि राजकुंवरला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

त्याचं नाव चैत्राम पावरा. गाव शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. नोकरी धुळ्याला, शेतकी खात्यात.

राजकुंवर तेहतीस वर्षांची. नवीपेठेत तिच्या वडिलांचा, झुंबरलालजींचा छापखाना होता. बारा वर्षं ती तिथे लग्नपत्रिका, विडीची लेबलं, दुकानांच्या जाहिराती, हाताला येईल ते काढत आली होती. एकदा सोयरीक ठरली. 'सासरी ब्रश चालणार नाही' असा निरोप आला. 'मग सोयरीकही चालणार नाही' असा तिने उलटा निरोप धाडला, आणि तो विषय तिथेच संपला.

पण १९७० उजाडलं आणि धुळ्याच्या रतिलालशेठनी ऑफसेटचं नवं मशीन आणलं. कॅमेऱ्याने चित्र उचलायचं, हजारोंनी छापायचं. झुंबरलालजींकडचं रंगीत काम एकेक करून तिकडे गेलं. रतिलालशेठनी तिलाही बोलावलं होतं. म्हणाले होते, "सगळं थोडंथोडं करणारा आर्टिस्ट आता कुणाला नको. एक काहीतरी धरा, बाई, आणि त्यात पक्क्या व्हा. पाडव्यापर्यंत सांगा."

एक काहीतरी! पण कोणतं? वीस वर्षांनी कोणत्या कामाला तिचा हात लागणार होता? दर गुरुवारी धुळ्याला जाता-येता ती हेच घोकत असे.

"बघू का?" चैत्रामने पुठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

तिने गाठ सोडली. वरच पिकांवर फवारायच्या औषधाच्या डब्याचं लेबल होतं. हिरवंगार शेत, आणि डबा हातात घेतलेली हसरी बाई.

"फार सुंदर आहे," तो म्हणाला. "पण… आमच्या भुरीआत्याला हे केसांना लावायचं तेल वाटेल."

"खाली स्पष्ट लिहिलंय. विष!"

"तिला वाचता येत नाही. आमच्या गावात चार जणांना वाचता येतं. त्यातला एक मी, तोही धुळ्यात."

राजकुंवरने रागाने गाठ बांधली. धुळ्याला उतरताना मात्र वळून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी दुसरं आणते. आत्याला दाखवा. काय म्हणते ते शब्दन्‌शब्द सांगायचं."

पुढच्या गुरुवारी तिने कवटी आणि दोन हाडं दिली. त्याच्या पुढच्या गुरुवारी चैत्राम स्टँडवर वाट बघत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, चेहरा गंभीर.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हाऊ कोन हासी ऱ्हायना? औषध पिऊन याला बरं वाटलेलं दिसतंय."

राजकुंवर इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. चैत्राम तिच्याकडे बघतच राहिला… आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर चटकन चहा सांगायला गेला.

मग हे चालूच राहिलं. लाल फुली आत्याला कुंपण वाटली. तीन चौकटींची गोष्ट तिने शेवटाकडून वाचली, तर मेलेला माणूस औषध पिऊन उठून बसला. दर गुरुवारी चित्र जायचं, दर गुरुवारी आत्याचा निकाल यायचा. राजकुंवरला आता गुरुवारची फारच ओढ लागली होती. ती चित्रासाठी की निकाल आणणाऱ्यासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"हे असं नाही जमायचं," एकदा ती म्हणाली. "मलाच न्या तिच्याकडे."

"शिरपूरपासून पुढे सहा मैल चालावं लागेल."

"मग? मला पाय नाहीत?"

भुरीआत्या कुडाच्या घरापुढे मोहाची फुलं वाळत घालत होती. बाहेरच्यांशी ती अहिराणीत बोले. "तू कोनी शेस?" तिने विचारलं.

"मी ती… हसणारी कवटी काढणारी."

आत्या तोंडाला पदर लावून हसली. राजकुंवरने अंगणातच कागद पसरला. शेजारी दोन तांबे, एक प्यायच्या पाण्याचा, एक ब्रश बुडवायचा. ती आत्याचा चेहरा काढायला लागली, आणि काढता काढता तिला तहान लागली. डोळे कागदावर, हात तांब्याकडे. ओठांपर्यंत तांब्या गेला, तोच मनगटावर एक खरखरीत पकड पडली. आत्याचे डोळे विस्फारलेले, मान जोरात हलतेय, दुसरा हात तांब्याच्या तोंडावर. हिरव्या रंगाचं पाणी होतं ते!

चैत्रामही धावत आला होता. पण राजकुंवर त्याच्याकडे बघत नव्हती.

"हलू नका, आत्या! अशाच थांबा…"

अर्ध्या तासात चित्र झालं. तोंडाकडे चाललेला डबा, मनगट पकडणारा हात, आणि घाबरलेले दोन डोळे. बाकी काही नाही. शेजारणीला दाखवलं. ती बघताक्षणी म्हणाली, "हाई पेवानं नई. माले समजनं."

परतीच्या वाटेवर चैत्रामने तिचा पुठ्ठा आपल्या खांद्यावर घेतला. मग म्हणाला, "तुम्ही तो तांब्या उचललात ना… तेव्हा माझा जीव गेला होता."

"मग आला का परत?"

"अर्धाच," तो म्हणाला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रतिलालशेठनी ते चित्र लांब धरून पाहिलं. "हे बघून माल कोण घेईल, बाई? देवांची कॅलेंडरं धरा. पगार बांधून देतो. देव कधी जुने होत नाहीत."

"देव काय, तुमचा कॅमेराही उचलेल, शेठ. एकदा काढले की दहा वर्षं छापा. समोरच्याला चित्रात काय दिसतं, हे मात्र दर वेळी त्याच्याजवळ बसूनच विचारावं लागतं. मी तेच करणार. औषधं, विजेच्या तारा, दवाखाने… बघितलं की कळावं, एवढंच काम."

"आणि उद्या लोक शिकले म्हणजे?"

"शिकलेला माणूसही घाईत असतो, शेठ. चष्मा घरी विसरतो."

शेठ हसले, पण काम दिलं नाही. ती चित्र काखेत मारून बाहेर पडली.

पांझरेच्या पुलावर चैत्राम थांबला होता. ऊन रणरणत होतं, पात्रात पाण्याची एकच बारीक रेघ.

"माझी बदली झालीय," तो एकदम म्हणाला. "अक्कलकुव्याला. तुमचं चित्र साहेबांना दाखवलं. खात्याच्या भित्तिपत्रकासाठी हवंय त्यांना. पहिलं काम मिळालं तुम्हाला. आता माझी गरज…"

"पुढे बोला."

"तुमचं मारवाडी घर कुठलं, आमचं आदिवासी कुठलं… राजकुंवरबाई, काही गोष्टी बोलू नयेत."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते." तिने कठडा घट्ट धरला. "मला तुमच्याबरोबर यायचंय. अक्कलकुव्यालाही माणसं चित्रं बघतातच ना? बाबूजींना मी परवाच सांगितलंय."

चैत्राम गर्रकन तिच्याकडे वळला. "काय… काय म्हणाले?"

"दोन दिवस बोललेच नाहीत. आज सकाळी एवढंच विचारलं, तो मांस खातो का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, विचारून येते."

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "खायचो," तो म्हणाला. "आता सोडलं म्हणून सांगा. कधीपासून विचारलं तर… या क्षणापासून."

तिने कठड्यावरचा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला. पुलावरून बैलगाड्या जात होत्या, माणसं बघत होती. बघू देत!

वैशाखात धुळ्याच्या रजिस्ट्रार कचेरीत लग्न झालं. राजकुंवरकडचं कुणी येईल असं वाटत नव्हतं. भुरीआत्या नवं लुगडं नेसून सकाळीच येऊन बसली होती. साडेअकराला पांढरी टोपी घातलेले झुंबरलालजी जिना चढून आले. साक्षीदाराच्या जागी सावकाश, वळणदार सही केली. मग टाक खाली ठेवून चैत्रामकडे वळले.

"सकाळी चित्र काढताना तिला बोललेलं चालत नाही," ते म्हणाले. "तेवढं सांभाळा."

"हो, बाबूजी," चैत्राम म्हणाला.