चिमट्याने ओढलेली कातडी

झिपरूच्या डोक्यावर एक केस नव्हता. असणार कुठून? तो पडला यंत्रमानव! तरी नानांनी लाडाने नाव ठेवलं झिपरू, आणि तिथूनच सावनीच्या पोटात दुखायला लागलं. सख्खी नात मी, आणि लाड या पत्र्याच्या डब्याचे!

सावनीचे आजोबा, म्हणजे नाना, जनावरांसाठी प्रयोगशाळेत कातडी वाढवायचे. जुन्नरजवळच्या डोंगरावर त्यांचा दवाखाना. एकदा उडत्या रुग्णगाडीतून टिकली नावाची गाढवीण आली. ओझी वाहून तिची पाठ पार सोलवटली होती. नानांनी सावनी आणि झिपरू, दोघांपुढे एकेक काचेची बशी ठेवली.

"ज्याची कातडी चांगली धरेल, त्याचं ठिगळ टिकलीच्या पाठीवर."

पेशी दोघांना सारख्याच. झिपरूने आधी बशीत पेशीबाह्य जाळं (पेशींच्या भोवती असतं तसं प्रथिनांच्या धाग्यांचं विणकाम) पसरलं आणि त्यावर वृद्धिघटकांचा (पेशींना 'वाढा' असा निरोप देणाऱ्या प्रथिनांचा) एकच थेंब सोडला. सावनीला कुठला एवढा धीर! जाळंबिळं काही नाही, थेंबामागून थेंब ओतत सुटली. पण रोज सकाळी बशीतलं पाणी बदललं, की तिचे थेंब चालले मोरीत. तिची बशी रोडावली. झिपरूच्या बशीत मात्र सायीसारखी कातडी धरली.

"ताई, तुमच्या बशीचं वाईट वाटतं हो," झिपरू म्हणाला.

"गप रे, डबड्या!"

तो चार्जिंगला गेला, तशी तिने चिमटा घेतला आणि त्याच्या जाळ्याचा एक कोपरा कचकन ओढला. धागे ताणले, एकदोन तुटलेही. आता मिरव म्हणावं!

सकाळी बघते तर काय, नेमक्या त्याच कोपऱ्यात कातडी दुप्पट जाड!

"झिपरू, तिथे काय केलंस?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही, नाना. मलाही कोडं पडलंय."

"हे कोडं सुटलं तर ठिगळ लवकर पुरं होईल. टिकलीची जखम चिघळायला लागलीये."

सावनीला वाटलं, सांगितलं तर चोरी उघडी पडणार, वर हा डबडाच जिंकणार. खिडकीबाहेर टिकली माशा हाकलत होती, पण शेपूट काही पाठीपर्यंत पोचत नव्हतं.

"मी ओढलं," सावनी पुटपुटली. "फाडायला."

नानांनी डोळे वटारले, मग एकदम मांडीवर थाप मारली. "द्वाड कार्टे! अगं, झिपरूच्या थेंबातले निरोप जाळ्याने धरून ठेवले होते. धाग्यांना चिकटवून, गप्प बसवून. म्हणून ते वाहून गेले नाहीत. धागा ताणला किंवा तुटला, की तिथलाच निरोप सुटतो आणि शेजारच्याच पेशींना मिळतो. ढोपर फुटलं की शरीरात असंच काहीसं होतं. जिथे फाटलं, तिथेच शिवण."

"म्हणजे जाळं नुसतं कोठार नाही. कुठे आणि कधी द्यायचं, तेही तेच ठरवतं?" सावनीने विचारलं.

"बरोब्बर! तुझे निरोप मोकाट होते. गेले मोरीत."

"आणि मी याचं वाईट करायला गेले, तर याचंच भलं झालं? शी!"

"आता सगळ्या कडा ओढायला हव्यात, पण बेताने. निरोप भाराभर सुटले तर जाड व्रण उठेल."

झिपरूने आपली पोलादी बोटं पुढे केली आणि मागे घेतली. "माझ्याने फाटेल, ताई. तुम्ही ओढाल?"

"मी ओढायचं आणि वाढणार तुझी!"

"हो."

सावनीने एकदा टिकलीकडे पाहिलं, एकदा झिपरूकडे. मग दात-ओठ खात चिमटा उचलला आणि फुलाची पाकळी धरावी तशी कड धरली.

ठिगळ टिकलीच्या पाठीवर छान बसलं. "उद्या भाजलेल्या माणसांसाठीही असं जमेल," नाना म्हणाले.

"जमेलच," सावनी म्हणाली. "पण तेव्हा जाळं मी विणणार. याच्यापेक्षा बारीक!"