नौकेखालचा मासा

"आमचा मासा चोरीला गेलाय," उदय बर्वे म्हणाले.

उमाजींनी वही उघडून तसंच लिहून घेतलं. आबिड्सच्या पोस्टात तीस वर्षं काढलेला माणूस. आधी लिहायचं, विचार मागाहून. विचार करायला गीता वाघमारे होती. काचीगुड्यात तिचं खासगी चौकशीचं ऑफिस होतं आणि निवृत्तीनंतर उमाजी तिथे मदतीला बसत.

बर्व्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर अकरा चित्रं होती. बारावं, नौकेत बसलेला हत्ती, फ्रेममधून काढून टेबलावर ठेवलेलं. एका जुन्या मराठी बालपुस्तकातली ही चित्रं चित्रकाराने म्हातारपणी ठशांवरून पुन्हा छापली होती. फक्त चाळीस संच. प्रत्येक चित्राखाली त्याने पेन्सिलीने आकडा घातला होता. बर्व्यांचा संच सतरावा, म्हणून सगळ्यांखाली १७/४०.

"आमचा मुलगा आदित्य तेव्हा नऊ वर्षांचा होता," बर्वे म्हणाले. "त्यानं या आकड्याच्या अगदी खाली, कोऱ्या समासात, पेन्सिलीनं मासा काढला. हत्तीला सोबत म्हणून. मी त्याच्या कानाखाली वाजवली. आठवड्यानं चित्र फ्रेम करायला दिलं आणि आकड्याखालचा समास पुठ्ठ्याखाली झाकून घेतला. पुन्हा त्यानं कधी चित्र काढलं नाही. या मार्चमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि..."

"शाळेच्या वह्या असतील?" गीताने हळूच विचारलं.

"घर बदललं तेव्हा रद्दीत गेल्या," बर्व्यांच्या पत्नी शोभाताई म्हणाल्या. "मोठेपणी सगळं कंप्युटरवरच. त्याच्या हातचं म्हणून तो मासा तेवढा उरला होता."

"आज सकाळी फ्रेम उघडली, तर समास कोरा!" बर्व्यांचा आवाज चढला. "चित्र बदललंय कुणीतरी. आकडासुद्धा चित्रकाराच्या हातचा नाही. बाकी अकरांवर बघा, बारीक आणि तिरका. यावर गोल, ठसठशीत होता. काचेआडून वीस वर्षं कधी लक्षात आलं नाही. संतापानं मी रबर घासलं. आकडा सगळा निघाला. बनावट!"

टेबलावर रबराचा करडा भुगा पडला होता. पंखा मंद फिरत होता.

"फ्रेमच्या मागे चिकटवलेला कागद?"

"सलग होता. मीच आज कापला."

"म्हणजे जे झालं ते फ्रेम होण्याआधी झालं," गीता म्हणाली.

फ्रेम बनवणारे यूसुफभाई जामबागेहून आले. चोरीचा आळ ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"साब, मेरे कने आया तबीच कोरा था. कोरा कागज ढाँको बोलके कोई बोलता क्या? इसलिए याद है. मैं पूछनेवाला था, पन आप गुस्से में थे. बोले, देखना नक्को, ढाँक दो."

"तुम्ही देताना पाहिलं नव्हतं, सर?" गीताने बर्व्यांना विचारलं.

बर्वे ओशाळले. "बघवत नव्हतं. तशीच गुंडाळी करून दिली."

उमाजींचा संशय बर्व्यांच्या ओळखीतल्या सारंग देवधरांवर होता. त्यांच्याकडेही हाच संच होता आणि त्यातल्या हत्तीला ओल लागली होती. गीताने फोन लावला. देवधर हसलेच.

"माझा संच बाविसावा, बाई. त्यात सतराचं चित्र घातलं तर माझाच संच फुटला की! ओल चालेल, परका आकडा चालायचा नाही."

उमाजींनी वहीतलं एक नाव खोडलं.

"ताई," गीता शोभाताईंकडे वळली, "त्या आठवड्यात आदित्य कसा होता?"

"गप्प गप्प. एक दुपारभर पट्टी घेऊन दार लावून बसला होता, मला वाटलं गणितं करतोय. नवा खोडरबर एका दिवसात संपवला म्हणून मीही ओरडले त्याला." त्यांनी पदराने डोळे टिपले. "सगळेच ओरडत होतो."

गीताने चित्र खिडकीशी धरलं. आकड्याखाली कागद बोटभर जागेत विरल्यासारखा पातळ झाला होता. मग तिने मोबाइलचा टॉर्च आडवा धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. सांगू नये असं तिला वाटलं. पण यूसुफभाई अजून दारात उभे होते, कपाळावर चोरीचा शिक्का घेऊन.

"चित्र अस्सल आहे, सर. ते कधी बदललंच नाही. देवधरांना ते नको होतं. यूसुफभाई खरं बोलले. त्यांच्याकडे जाण्याआधीच मासा खोडलेला होता."

"कुणी खोडला?" उमाजींनी विचारलं.

"आदित्यनं. बाबा रागावले म्हणून चूक दुरुस्त करत होता. कागद पातळ होईपर्यंत त्यानं घासलं, खोडरबर संपवला. पण मासा आकड्याला लागूनच होता. आकडाही पुसला गेला."

बर्वे खुर्चीतून पुढे वाकले.

"मग पोर घाबरलं. पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि त्यात १७/४० बसवलं. रेघा पुसल्या, तरी त्यांच्या आणि आकड्याच्या खाचा आहेत, आडव्या उजेडात दिसतात. चित्रकार असा रेघा मारून आकडा घालत नाही. शाळेतलं मूल घालतं."

"म्हणजे तो आकडा..."

"आदित्यच्या हातचा होता. वीस वर्षं तुमच्या भिंतीवर होता."

"रोज काच पुसायचे मी," शोभाताई म्हणाल्या. "रोज."

उमाजींना राहवलं नाही. "खाचा आहेत ना? त्यांवरून पेन्सिल फिरवली तर?"

"ते आपलं अक्षर होईल, काका."

बर्वे उठले. यूसुफभाईंपुढे हात जोडले. यूसुफभाईंनी ते हात धरून खाली केले. मग बर्वे टेबलाशी गेले आणि रबराचा भुगा बोटाच्या टोकाने एकेक कण ओंजळीत गोळा करू लागले. भुगा वाऱ्याने निसटत होता.

शोभाताईंनी उठून पंखा बंद केला.