हारातलं फूल

ही गोष्ट खोटी ठरली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण ती खोटी नाही. ज्याच्यावर गुदरली तो माणूस अजून नागपुरात आहे, आणि आज दुपारी तो कुठे बसला असेल तेही मी सांगू शकतो.

भुतं अमावास्येच्या रात्री पिंपळाखाली भेटतात असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या.

हे घडलं वैशाखातल्या भर दुपारी. साल १९७२. गोळीबार चौक. बाहेर डांबर वितळत होतं आणि कुत्री नालीच्या ओलीत जाऊन पडली होती.

आत मात्र अंधार होता. नत्थूजींच्या डार्करूममध्ये दुपार कधी होतच नसे.

नत्थूजी म्हणजे माझ्या देवकीमावशीचे यजमान. पुढे फोटो स्टुडिओ, मागे राहायच्या दोन खोल्या. बापजादे विणकर, पण हे मागावर बसले नाहीत. बाबूलाल नावाच्या म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली शिकले आणि त्याच्या मागे दुकान चालवू लागले.

लग्नाचे, शाळेचे फोटो कोणीही काढी. नत्थूजींचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी.

ते डोळे उघडून देत.

त्या काळी कितीतरी माणसं जन्मात एकदाही फोटो न काढता मरत. मग मयताच्या घरून निरोप येई. न्हाऊ घातलेलं प्रेत खुर्चीत बसवायचं, पाठीशी लुगड्यानं बांधायचं, मान सरळ करायची आणि एक फोटो घ्यायचा. कागदावर उतरला की मिटलेल्या पापण्यांवर बारीक कुंचल्यानं डोळे काढायचे. बुबुळ, चमक, सगळं. तेराव्याला गेलेलं माणूस भिंतीवरून घरच्यांकडे बघत असे. बायका पदर तोंडाला लावून म्हणत, "जितीच वाटून राहिली जी!"

बाबूलालनं शिष्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती.

"मुर्दे के सामने रील मत घुमाना, बेटा. दहलीज के बाहर जा, हाथ धो, फिर घुमा. पर घुमाना ज़रूर. नहीं तो वो खिड़की खुली रह जाती है."

त्या डबा कॅमेऱ्यात एक फोटो झाला की हातानं चावी फिरवून रीळ पुढे सरकवावी लागे. मागच्या लाल काचेतून पुढचा आकडा दिसला की समजायचं, नवी जागा आली. रडत्या घरात तो कर्र-कर्र आवाज वाईट दिसतो, म्हणून म्हातारा असं सांगत असेल असं नत्थूजींना वाटे. नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही.

त्या दिवसापर्यंत.

आता घरातलं ऐका. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. साऱ्या शहराचे फोटो काढणाऱ्याच्या घरात बायकोचा एक फोटो नव्हता. लग्नातलासुद्धा नाही. मावशी टोमणे मारी.

"मेलेल्या बायाइकडे बोलावल्याबरोबर धावता. म्या मराचीच वाट पाहून राहिले का?"

"कायचं अभद्र बोलतं वं. रीळ उरली का काढतो ना."

नत्थूजींचा जीव होता तिच्यावर. फक्त रीळ उरत नसे.

मग पाचपावलीतून कवडू आला. विणकराचा मुलगा. त्याची माय, रंभाबाई, पहाटे गेली होती. जन्मभर मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरणारी बाई. फोटो कधीच नाही.

नत्थूजींनी रंभाबाईला खुर्चीत बसवलं, मान किंचित डावीकडे घेतली आणि फोटो काढला. रीळ फिरवली नाही. नियमच तो. उंबरठा ओलांडला, कवडूच्या बायकोनं हातावर पाणी घातलं. आता चावी फिरवायची, तेवढ्यात मागून हाक आली.

"नत्थूजी, एक खांदा कमी पडून राहिला जी!"

अशा वेळी कोण नाही म्हणतं? कॅमेरा पिशवीत गेला. नत्थूजींनी तिरडीला खांदा दिला, घाटावरून थकून आले, आंघोळ करून झोपले.

रीळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला सांगितलं की एक फोटो उरला आहे. काय आनंद झाला तिला! मोरपंखी लुगडं काढलं, नथ घातली. खुर्चीत बसली आणि मान आपणहून किंचित डावीकडे कलली.

"डोये मोठे ठेवू का असेच?"

"मिटू नको म्हंजे झालं. नाहीतं मले कुंचल्यानं काढा लागतीन."

दोघंही हसले. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

मग नत्थूजींनी रीळ फिरवली, आणि लाल काचेत शेवटचा आकडा आला. म्हणजे अजून एक जागा बाकी! आपलंच मोजण्यात चुकलं असं ते समजले. कवडूला तेराव्याची घाई होती, म्हणून ती शेवटची जागा कोरी ठेवूनच रीळ धुवायला घेतली.

डार्करूममध्ये लाल दिवा. दार बंद. औषधाच्या थाळीत रंभाबाईचा कागद हळूहळू हलत होता.

आधी केस उमटले. मग लुगड्याचा काठ.

आणि मग…

डोळे.

उघडे.

नत्थूजींच्या हातातला चिमटा थाळीत पडला. अजून कुंचला हातात घेतला नव्हता, आणि रंभाबाई पाण्याखालून त्यांच्याकडे बघत होती.

चूक क्षणात ध्यानात आली. एकाच जागेवर दोन फोटो पडले होते. असं कधी कधी होतं, पण तेव्हा सगळंच दुप्पट होतं. दोन नाकं, दोन अंबाडे, नुसती गिचमिड. इथे मावशीची नथ नव्हती, लुगडं नव्हतं, केसाची बट नव्हती.

तिचे फक्त डोळे आले होते. आणि म्हातारीच्या चेहऱ्यात नेमके बसले होते.

तो कागद तिथेच फाडायला हवा होता. पण रंभाबाईचा दुसरा फोटो कुठून आणणार? तिला तर राख होऊन दिवस झाले होते. आणि खरं सांगायचं तर कारागिराचा मोहही होताच. असे डोळे त्यांच्या हातून जन्मात उतरले नव्हते.

कवडू फोटो बघून लहान लेकरासारखा रडला. "माय पाहून राहिली जी माह्याकडे."

फोटो पाचपावलीत गेला. चौकटीत बसला. तेराव्याला त्याला झेंडूचा हार पडला.

त्याच दुपारी मावशी भाकरी थापता थापता थांबली.

"उदबत्ती कोनं लावली वं माय?"

घरात उदबत्ती नव्हती. नत्थूजींना कसलाच वास येत नव्हता.

मग आवाज सुरू झाला. तिलाच ऐकू येणारा. खट्… खट्… खट्…

"बाजूले कोनी माग बसवला का जी?"

बाजूला किराणा दुकान होतं.

हळूहळू ती दाराच्या चौकटीला धडकू लागली. हातातला तांब्या ओट्याच्या बाहेर ठेवू लागली. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. नत्थूजी म्हणाले, उन्हाचं असेल. असं ते स्वतःलाच सांगत होते.

एके दुपारी ती चुलीपाशी बसली होती. नजर भिंतीवर. चुलीतला जाळ विझला होता, तो तिला कळलाही नव्हता.

"ऐकता का जी… मले घर दिसतच नाई आता. एक दुसरीच खोली दिसते. माग हाय तिथं. एक लेकरू भुईवर बसून वरनभात खाऊन राहिलं. समोर काच हाय. मले हलता येत नाई."

ते घर कवडूचं, हे नत्थूजींनी ओळखलं. मावशी पाचपावलीतल्या त्या घरी कधीच गेली नव्हती.

मग तिनं डावा हात उचलला आणि डोळ्यासमोरून काहीतरी बाजूला सारायचा प्रयत्न केला. पुन्हा केला.

"हारातलं फूल आलं जी डोयावर… काढा ना."

नत्थूजी अनवाणी धावले. गोळीबार चौकातून पाचपावली, तापलेल्या रस्त्यावरून, तळपाय भाजत.

कवडूच्या घरी माग चालू होता. खट्… खट्… एक लेकरू भुईवर बसून जेवत होतं. भिंतीवर रंभाबाई.

हार घसरला होता. झेंडूचं एक फूल बरोबर डाव्या डोळ्यावर आलं होतं.

त्यांनी ते बाजूला केलं. खालचा डोळा पाण्यानं भरलेला होता. काच कोरडी होती. पाणी आतून होतं.

ती नजर त्यांनी ओळखली. कोण नवरा ओळखणार नाही?

"फोटोवर डाग पडला, नीट करून देतो," असं काहीबाही सांगून त्यांनी फोटो मागितला. कवडू नाखूश होता.

"सांजच्याले आनून देजा जी. मायेबिगर घर खाली वाटते."

फोटो छातीशी धरून ते परतले, फोटोचं तोंड बाहेर करून. घरात पाऊल टाकलं तेव्हा मावशी रडत रडत हसत होती.

"रस्ता दिसला! आपलं दुकान दिसलं! तुमी मले घरी आनलं ना?"

नत्थूजींनी फोटो तिच्यासमोर धरला.

"ही कोन बसली… मीच हावो का? डोये असे काहून हायेत माहे? मेलेल्या मासोळीवानी?"

नत्थूजी खाली बसले. पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. रीळ, खांदा, थाळी. ती रागावली असती तर बरं झालं असतं. उपाय सुचला तोही तिलाच.

"तुमी तं डोये उघडता ना जी? मंग मिटवा. म्हातारीचे होते तसे मिटवून टाका. तिचे मिटले का माहे मले वापस येतीन."

बुडत्याला काडीचा आधार. नत्थूजींना ते पटलं. का पटलं, ते आजही त्यांना सांगता येत नाही.

त्यांनी कुंचला घेतला. आयुष्यभर डोळे उघडणारा माणूस पहिल्यांदा डोळे मिटवायला बसला. चौकटीतून फोटो काढला, राखाडी रंग कालवला, डाव्या डोळ्यावर पापणी ओढली.

"काय दिसते?"

"अर्धं अंधारलं जी."

"आता येईन तुयी नजर. थांब."

"हो. करा लवकर."

त्यांनी उजव्या डोळ्यावर पापणी ओढली.

बाहेरून एक सायकलरिक्षा गेली. मग काहीच आवाज नाही.

"देवकी… आता दिसते का?"

त्यांनी मान वर केली. मावशी भिंतीला टेकून बसली होती. मान किंचित डावीकडे. डोळे मिटलेले.

खुर्चीतल्या रंभाबाईसारखी.

आम्ही आमच्या गावाहून, खाप्याहून पोहोचलो तेव्हा नत्थूजी तिच्या पापण्या बोटांनी उघडायचा प्रयत्न करत होते. चार माणसांनी त्यांना ओढून बाजूला केलं. मावशीला नेल्यावर त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली. त्यात रंभाबाई एकटीच होती, डोळे मिटून. पुढची जागा कोरी होती. माझ्या मावशीचा फोटो कुठेच नव्हता.

कवडूनं डोळे मिटलेला फोटो मुकाट्यानं परत नेला. दुसऱ्याच्या घरात मयत झालेली, भांडणार तरी कसा? "माय झोपली, असं सांगतो लेकराइले," एवढंच बोलला.

नत्थूजींनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुकान गेलं. मी आईबरोबर त्यांना भेटायला जायचो, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं.

गेल्या वर्षी, म्हणजे ८४ च्या उन्हाळ्यात, कवडू त्यांच्याकडे आला. केस पांढरे झालेले. बसलाही नाही.

"नत्थूजी, तुमी मारलेला रंग उडून राहिला जी. एका डोयाचा पापुद्रा निघाला. खाली…"

आता नत्थूजी रोज दुपारी पाचपावलीत जातात. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. दुसऱ्यांदा जायची हिंमत नाही. माग आता बंद आहे. कवडूच्या सुनेनं पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. त्या खोलीत ती एकटी थांबत नाही.

डावा डोळा पूर्ण उघडला आहे. उजव्यावरचा रंग तडकला आहे.

मी म्हटलं, "मावसाजी, घरी घेऊन चला ना तिला."

"आनली होती ना एकदा घरी," ते म्हणाले. "पाहिलं ना काय केलं म्या."

मग मी तिथे असेपर्यंत ते फोटोसमोर बसून राहिले. पंख्याच्या वाऱ्यानं हार हलला की उठायचे…

आणि डोळ्यावर आलेलं फूल हलकेच बाजूला करायचे.