पाळण्याच्या त्या बाजूला

परभणीच्या स्टँडवर जिंतूरची गाडी लागली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि डोक्यात एकच विचार होता – खिडकी. खिडकी आईला मिळाली, तिच्या शेजारी आबा बसले. मला मिळाली सगळ्यात मागची सीट, आणि तिथे आधीच एक माणूस चादरीत गुंडाळलेली भली मोठी सपाट वस्तू दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता.

"जपून बसा," तो म्हणाला. "कड ओली हाय."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी ओढणी त्या कडेला लागून आली. नवी कोरी, मोतिया रंगाची. तिच्यावर आता गुलाबी पानं उमटली होती, चांगली तीन.

त्याचा चेहरा पार उतरला. खिशातून टर्पेंटाइनचा वास मारणारं फडकं काढत तो म्हणाला, "द्या इकडं, पुसून देतो."

"नको. पुसाल तर पसरेल."

"मग… आणखी चार पानं काढून देऊ का? डिझाईन वाटंल."

मी रागवायचं ठरवलं होतं. पण तो इतक्या गंभीरपणे विचारत होता की मला हसू आलं, आणि एकदा हसलं की रागवायची सोय राहत नाही.

त्याचं नाव योगीराज. जिंतूरला पेंटिंगचं काम करायचा – नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, लग्नांचे बोर्ड. काल परभणीत एका दुकानाचं शटर रंगवायला आला होता, आणि हा बोर्ड त्याने पहाटे उठून तिथेच पुरा केला होता.

"आता सगळं फ्लेक्सवर होतंय," तो म्हणाला. "पण बारशाचं नाव हातानंच लिवलेलं पायजे म्हणणारी चार घरं हायेत अजून. तुमी काय करता?"

"सोनपेठला मेडिकलवर असते. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते."

"मग माझं अक्षर तुमाला लय सोपं जाईल."

"दाखवा की."

त्याने बोर्ड आणखी जवळ ओढला. "न्हाई. बाळाच्या कानात जायच्या आधी नाव बाहेर जात न्हाई. धंद्याचा उसूल हाय."

"एक अक्षर?"

"अर्धं पण न्हाई."

डिसेंबरातलं कोवळं ऊन खिडकीतून आत येत होतं. बाहेर तुरीची उभी रानं, मधेच वेचणीला आलेला कापूस. पुढे आबा कंडक्टरला आपलं कार्ड दाखवून पंचाहत्तर पूर्ण झाल्याचं सांगत होते. कंडक्टरने मान हलवल्यावर त्यांनी ते मागच्या दोन सीटवाल्यांनाही दाखवलं. आम्ही निघालो होतो आईआबांच्या नातवाच्या बारशाला. माझ्या मोठ्या भावाला, परमेश्वरला, लग्नानंतर सहा वर्षांनी मुलगा झाला होता, वहिनीच्या माहेरी, येलदरीला. आईने महिनाभर खपून बाळाला कुंची शिवली होती आणि रस्ताभर पिशवीतून काढून ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"कुठलं बारसं?" मी सहज विचारलं.

"येलदरीचं. पावर हाऊसवर होते ते काका, आता नाहीत… त्यांच्या मालकीण, नर्मदाबाई. त्यांचा नातू."

मी ओठ दाबून धरले. नर्मदाबाई म्हणजे वहिनीची आई. म्हणजे हा माणूस माझ्या भाच्याचं नाव मांडीवर घेऊन बसला होता, आणि मला ते दाखवत नव्हता. मला भारी गंमत वाटली.

"आत्याला तरी दाखवाल का?" मी म्हटलं. "नाव ठेवायचा मान तिचा असतो."

"आत्यानंच तर सांगितलं नाव. निकिताताईनं. परवा फोन आला त्यांचा, स्पेलिंगसकट."

गाडी एका फाट्यावर थांबली, चार माणसं चढली, दोन उतरली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. निकिता माझी चुलतबहीण. गेल्या वर्षी लग्न झालेली, हातभर हिरवा चुडा, सासरी सगळं छान. तीही आत्याच लागते, चुलत. पण सख्खी आत्या मी आहे. आणि तीन वर्षांपूर्वी माझी सोडचिठ्ठी झाली आहे. असल्या बाईने बाळाचं नाव ठेवू नये असं कुणी तोंडावर म्हणत नाही आता… तोंडावर नाही म्हणत एवढंच. बाळ झाल्यापासून दोन महिन्यांत भावाचे दहा फोन आले असतील. दहाही वेळा तो थंडीबद्दल बोलला.

"काय झालं?" योगीराजने विचारलं.

"काही नाही."

"ओढणीचं वाईट वाटायलंय का?"

"बाळाचा बाप माझा सख्खा भाऊ आहे," मी म्हटलं. "समोर बसलेत ते आजी-आजोबा."

त्याने पुढच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हुशार माणूस होता. मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. मग हळूच म्हणाला, "बोर्ड पडला, फुटला म्हणून सांगू का?"

"कशाला? तुमचं काम चांगलं झालंय."

"तुमी कुठं पाहिलं?"

"पानं पाहिली की. तीन."

तो हसला नाही. म्हणाला, "लग्नासाठी मला पाच ठिकाणी नेलं बघायला. पोरी बघितल्या, चहा पिलो, आलो. नोकरी न्हाई, शेती दोन एकर. दरवेळी त्यांनी सांगितलं – कळवतो. दोनशे लग्नांचे बोर्ड लिवले मी, कुणाचं काय अडलं न्हाई. पण लोकांनी मान फिरवली की कसं वाटतं ते मला ठाऊक हाय. एवढंच म्हणायचं होतं."

त्याच्या नखांत गुलाबी रंग होता. मी त्या नखांकडे बघत बसले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं.

जिंतूरला उतरल्यावर योगीराज बोर्ड घेऊन येलदरीची जीप बघायला गेला. आबा रसाच्या गाड्याकडे वळले, आणि चहाच्या टपरीपाशी आईने माझा चेहरा बघून विचारलं, "मंजे, काय झालं गं?"

मी सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातात कप देत म्हणाली, "चहा पी. निवायलाय."

बस्स. मला त्यापेक्षा जास्तीची आशाही नव्हती. नवऱ्याचं घर सोडून मी दोनदा बॅग घेऊन आले होते, आणि दोन्ही वेळा आईने ओटी भरून मला परत धाडलं होतं. तिसऱ्यांदा आले ती कायमची. तेव्हा ती काही बोलली नव्हती, आणि तिचं ते न बोलणंच मला इतकी वर्षं सलत होतं.

येलदरीला घरापुढे मांडव होता, आत फुगे, झेंडूच्या माळा आणि मधोमध पाळणा. परमेश्वरने माझ्या हातातली पिशवी घेतली, पण डोळ्यांत बघितलं नाही. "प्रवास बरा झाला का? इकडं लय थंडी हाय," म्हणाला. नर्मदाबाई अगदी गोड हसून म्हणाल्या, "मंजूताई, तुमी तेवढ्या पाहुण्यायला घुगऱ्या वाटता का? तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई."

मी परात घेतली. भिजवून उकडलेले हरभरे, वर खोबरं. वाटत वाटत मी बायकांच्या मागे, भिंतीपाशी गेले. तिथे योगीराज स्टुलावर चढून बोर्ड टांगत होता. नावावर कागद चिकटवलेला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि खिळा ठोकायला लागला – जरा जोरातच.

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला आत्या. "गोविंद घ्या" म्हणत आजीने द्यायचं, "गोपाळ घ्या" म्हणत आत्याने परत करायचं. आई या बाजूला बसली. बाळ तिच्या मांडीवर, तिनेच शिवलेल्या कुंचीत. त्या बाजूला निकिता येऊन बसली, जरीच्या साडीत, जरा अवघडून.

"द्या विहीणबाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "म्हणा गोविंद घ्या."

आईने बाळाला आणखी जवळ घेतलं. बायकांची कुजबुज थांबली.

"त्या बाजूला माझी लेक बसंल," आई म्हणाली.

"अहो, निकिता पण तुमचीच लेक की. लेकराचं चांगलं व्हावं म्हणूनच आपलं…"

"मी पण त्याच्यासाठीच म्हणायलेय." आईचा आवाज मोठा नव्हता. "ही पोरगी दोनदा रडत माझ्या दारात आली. मी दोनदा तिला त्या घरी परत धाडलं. लोकं काय म्हणतील म्हणून. अंगावरचे वळ दिसत होते मला, तरी धाडलं. माझं चुकलं. आता भरल्या घरात मी तिला तिसऱ्यांदा मागं सारणार न्हाई. ती बसंल तर बारसं होईल, न्हाईतर नातू मांडीवर घेऊन मी अशीच बसते संध्याकाळपर्यंत."

तीन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आई बोलली होती, आणि तेही चाळीस माणसांसमोर. मला पुढे जाताच येईना. आबांनी – सकाळपासून एक मिनिट गप्प न बसलेल्या आबांनी – एक शब्द न बोलता उठून माझ्या हातातली परात घेतली. निकिताही उठली. "ये ताई," म्हणाली. "आत्या म्हणून बसायला मला फोन आला तेव्हाच मी तुला विचारायला पायजे होतं." वहिनीने मान खाली घातली होती, परमेश्वर तर भिंतीला चिकटून उभा होता. नर्मदाबाईंनी पदर सारखा केला आणि बाजूला सरकल्या.

मी बसले. गोविंद झालं, गोपाळ झालं. ते इवलंसं ऊबदार गाठोडं माझ्या हातात आलं, पाळण्यात गेलं. आता कानात नाव सांगायचं. मी वाकले… आणि लक्षात आलं की नाव मला माहीतच नाही.

सगळे थांबलेले. कुणाला विचारावं तर केवढं हसं होईल. माझ्या मनात एक नाव होतं, दोन महिने जपलेलं. पण हे नाव आईबापाने हौसेने निवडलेलं, निकिताने फक्त पोचवलेलं. मला मान हवा होता, हिसकावून घ्यायचं काही नव्हतं. मी मान वर केली. बायकांच्या डोक्यांवरून, स्टुलावर उभा असलेला योगीराज माझ्याकडेच बघत होता.

त्याला कळलं. त्याने आधी समोरूनच बोट हवेत फिरवलं, पण अक्षरं मला उलटी दिसत होती. त्याच्याही ते ध्यानात आलं. तो पाठ करून उभा राहिला, फुगे नीट करायच्या बहाण्याने, आणि हवेतच एकेक अक्षर काढलं – संथपणे, वळणदार, वर रेघसुद्धा ओढली. त. मग न्म. मग य.

मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्र… तन्मय." पाठीत पहिला धपाटा निकिताने घातला, मग सगळ्या बायकांनी. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

जेवणं उरकल्यावर परमेश्वर मला परसात गाठून म्हणाला, "मंजू, माझ्यात हिंमतच नव्हती गं." मी म्हटलं, "ते कळलं मला." आणखी काही म्हणायला जमलं नाही. जमेल पुढे कधीतरी.

चारच्या सुमाराला आम्ही फाट्यावर गाडीची वाट बघत होतो. आईआबा लिंबाखाली बसले होते. धरणाच्या बाजूने गार वारा येत होता. योगीराज ब्रशची पिशवी घेऊन आला आणि माझ्यापासून चांगला चार हात लांब उभा राहिला.

"उसूल मोडलात तुम्ही," मी म्हटलं.

"एकदाच मोडला."

"माझ्यासाठी का?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला तुमी सकाळपासून आवडायलाव."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझं सगळं ऐकलंत ना आत?"

"सगळ्या गावानं ऐकलं. म्हणून तर विचारायला भ्या वाटायलंय. आधीच तुमाला लय लोकांनी काय काय सांगितलंय, त्यात आपण एक कशाला वाढवा." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सोनपेठला येऊ का एखाद्या दिवशी? मेडिकलवर. डोकं दुखतं म्हणंन."

मी विचार केला. घाई नव्हती, गाडीचा पत्ता नव्हता. आजवर मला कुणी बघायला आलं होतं, कुणी न्यायला आलं होतं, कुणी परत धाडलं होतं. मी स्वतः कुठे निघाले असं कधी झालंच नव्हतं.

"तुम्ही येऊ नका," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. नखांतला रंग खरवडायला लागला.

"मी येते," मी म्हटलं. "जिंतूरला. रविवारी दुकान बंद असतं माझं. तुमची कामाची जागा बघायची आहे मला, आणि तुम्हालाही नीट बघायचंय. आवडलं तर सांगेन. नाही आवडलं तर तेही सांगेन. 'कळवते' म्हणणार नाही."

यावर तो इतका मोकळा हसला की लिंबाखालून आबांनी मान वळवून बघितलं.

गाडीत मी आईच्या शेजारी बसले. दोन गावं मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "काय म्हणत होता तो पेंटर?"

"आई, मी रविवारी जिंतूरला जाणार आहे. त्याला भेटायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, ते तिने गिळलं, आणि मग माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"कितीच्या गाडीनं?"

"सकाळी सातच्या."

"मग मी पाचला उठते," आई म्हणाली. "डबा करून देते. दोघायला पुरंल एवढा."